रंग यायच्या आधी

मेसबरीच्या कालव्यावर सकाळी पावणेनऊ.
रात्रपाळी संपवून थेट इथे आले,
कचऱ्याची काळी पिशवी अंथरून गुडघे टेकले.
मनगटावर नेटलने गांधी उठवल्यात.
हॉस्पिटलचं कार्ड गळ्यातच राहिलंय,
वाकलं की त्याचं टोक पाण्यात बुडतं.

लव्हाळ्याच्या पात्यावर, पाण्यापासून वीतभर उंच,
एक पाठ फाटली आहे.
आत जी होती ती बाहेर बसली आहे
आपल्याच टरफलाला धरून.

आपण हिला टाचणी म्हणतो.
मोठा तो चतुर, बारीक ती टाचणी,
शिवणाच्या डबीत हात घालून
कुणीतरी नाव ठेवून मोकळं झालं.
आज हिच्याकडे टोचण्यासारखं काही नाही.
ताकावरच्या निवळीचा रंग,
पंख ओले, एकमेकांना चिकटलेले,
आणि पोटातून एक हिरवट रेघ
पुढे सरकताना आरपार दिसते.

आरपार दिसणाऱ्यांची मला सवय आहे.
बांगड्या काढून, पाठीवर नाड्यांचा गाऊन घालून
माणसं थंड पाटीला छाती लावून उभी राहतात
आणि मी काचेआडून म्हणते,
श्वास घ्या. धरा. हलू नका.
इथे ते मलाच सांगावं लागतं.
या लेन्समध्ये माझा एक उसासा म्हणजे भूकंप.
फोकस डोळ्यावर. वारा आला.
थांब.
गेला.
पुन्हा डोळ्यावर.
दोनशे चौदा फोटो.

पलीकडच्या नॅरोबोटीतून ग्लेनिसने मग पुढे केला,
चहात दूध जास्त, साखर नाही.
"काही सापडलं का?"
"आहे एक. पण रंगच नाही."
"होईल निळी, दोन-चार दिवसांत.
माझी बोटसुद्धा घेतली तेव्हा करडी होती."

दुपारी पडदे ओढून जेवणाच्या टेबलावर बसले.
एकशे नव्वद फोटो सरळ कचऱ्यात.
कोपऱ्यातलं बिअरच्या डब्याचं झाकण कापलं,
सेन्सरवरच्या धुळीचे सात ठिपके पुसले,
सावली उचलली, अगदी चिमूटभर.
मग ती रंगाची सरकपट्टी.
क्लबातले डेरेक गेल्या वर्षी म्हणाले होते,
"फिकट येतात तुमचे फोटो, थोडा जीव ओता."
ओढली उजवीकडे.
आली की निळाई, मुकाट, हुकमी,
सांगितल्याबरोबर.
तिथे पात्यावर तिला त्यासाठी
ऊन खात बसावं लागणार होतं कितीतरी वेळ.
पट्टी शून्यावर आणली.

मग एकशे सदतिसावा.
शंभर टक्के मोठा केल्यावर दिसलं:
डावा मागचा पंख उघडलाच नव्हता.
टोकाशी दुमडलेला, तसाच वाळत चाललेला.
कालव्यावर मला कळलंच नाही,
मी डोळ्यावर होते.

यासाठी एक गोल ब्रश असतो.
शेजारचा धड पंख उचलायचा, इथे लावायचा,
कुणाला पत्ता लागणार नाही.
नेला तिथवर.
चहा निवला.
तेवीस वर्षांत मी बरगडीवरची भेग पुसलेली नाही,
बाहेर बाकड्यावर कुणाची आई
पर्स घट्ट धरून बसलेली असतानाही.

फोटोखालच्या रिकाम्या चौकटीत
सवयीने रिपोर्टासारखंच लिहिलं गेलं:
डावा मागचा पंख अपूर्ण.
धूळ काढली. बाकी आहे तसं.

चार दिवसांनी पुन्हा गेले.
पाण्यावर निळ्याच निळ्या, जोडीने, एकट्या,
बोटीच्या दोरावर तर ओळीने टोचून ठेवल्यासारख्या.
पात्यावर टरफल तेवढं होतं,
फाटलेल्या पाठीतून पांढरे दोरे लोंबत.

"झाली का निळी तुझी?" ग्लेनिसने विचारलं.
म्हटलं, झाल्यात पुष्कळ.
ती पुढे काही विचारणार होती,
तेवढ्यात तिचं कुत्रं पाण्यात पडलं.